लेलेकाकू आणि पहिले पिस्तूल

नव्या माणसाची ओळख झाली की लेलेकाकू नाव विचारण्याआधी त्याचा हात बघत. ज्योतिषासारखा नव्हे, शिंप्यासारखा. टोकियोत, फुनाबोरीच्या सभागृहात मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि मी चिवड्याच्या कागदी बश्या भरत उभी होते. पांढऱ्या आखूड केसांची, सुती साडीवर लोकरी जाकीट आणि पायात पळायचे बूट घातलेली एक ठेंगणी बाई सरळ पुढे आली. तिने माझा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या टोकापर्यंत स्वतःच्या बोटांनी माप घेतले आणि म्हणाली, "पंजा लहान, पण बोट लांब आहे. काय करतेस या बोटाचं?"

"सध्या चिवडा वाढतेय," मी म्हटले.

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला, निरंजनला, विनोद करायची हुक्की आली. "काकू, जपून हं. कॉलेजात पिस्तूल चालवायची ही."

"चालवतात ती सायकल," काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "पिस्तूल धरतात. रविवारी ये गं. चिवडा बरा आहे, मीठ कमी आहे."

तेव्हा जपानच्या त्या मोठ्या भूकंपाला दीडेक वर्ष होऊन गेले होते. त्या मार्चमध्ये मुलाबाळांना घेऊन पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबे हळूहळू परतत होती, आणि आमच्यासारखी काही नवी जोडपी रिकाम्या झालेल्या घरांत येऊन राहत होती. निरंजनला त्याच्या आयटी कंपनीने टोकियोला पाठवले होते. मी मागोमाग आले होते आणि दिवसभर कचऱ्याचे वर्गीकरण शिकत होते. पुण्यात कॉलेजात असताना मी एअर पिस्तूल शिकले होते, तेही क्लबचे, चारचौघींच्या घामाने मूठ काळी पडलेले. स्वतःचे घ्यायचे ठरत होते तेवढ्यात माझे लग्नच ठरले. त्यामुळे आयुष्यात स्वतःचे पहिले पिस्तूल निवडायचे राहून गेले, हे दुःख मी कोणाला सांगत नसे. सांगितले तर लोक हसतात.

काकू हसल्या नाहीत. रविवारी त्यांनी मला ओजिमाजवळच्या सरकारी क्रीडा केंद्रात नेले. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत शाळकरी मुले आणि निवृत्त आजोबा एका ओळीत उभे राहून नेम धरत होते. काकू तिथे दर रविवारी शिकवायच्या. जपानी जिभेला 'ल' जमत नाही, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना 'रेरे-सान' म्हणत. हातातली पिस्तुले प्रकाशाची होती. चाप ओढला की नळीतून प्रकाशाची तिरीप सुटायची, समोरच्या चौकोनावर पडायची आणि बाजूच्या पडद्यावर गुण दिसायचे. आवाज नाही, छर्रा नाही, शिशाचा वास नाही.

"काकू, हे खेळण्यातलं आहे," मी जरा नाक मुरडून म्हटले.

"बरोबर. म्हणूनच अवघड आहे. छर्रा नसला की सबबही नसते. चुकलीस तर तूच चुकलीस."

पहिल्या दिवशी मी इतकी चुकले की शेजारच्या आजोबांनी मला धीर म्हणून एक लिमलेटची गोळी दिली.

जपानमध्ये साध्या माणसाला खरे पिस्तूल मिळतच नाही. छर्ऱ्याचे एअर पिस्तूलसुद्धा देशभरातल्या मोजक्या स्पर्धकांना, संघटनेच्या शिफारशीवर आणि पोलिसांच्या परवान्यावरच मिळते. त्या मोजक्यांत काकू होत्या. सांगलीहून एन.सी.सी.ची रायफल शिकून आलेली ही मुलगी नागोयाच्या विद्यापीठात धातुशास्त्रात डॉक्टरेट करायला आली. इथेच दुसऱ्या एका शास्त्रज्ञाशी, म्हणजे लेल्यांशी, तिने लग्न केले, इथले नागरिकत्व घेतले आणि पुढे आपल्या प्रांताच्या संघातून खेळलीही. परवान्याचा अर्ज केला तेव्हा पोलीस शेजारीपाजारी, ऑफिसात आणि खुद्द लेल्यांकडेही चौकशी करून गेले होते. या बाई भांडतात का, पितात का, चिडल्यावर काय करतात?

"लेल्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता," काकू सांगत. "म्हणाले, परवाना हवा असेल तर आजपासून आवाज चढवायचा नाही. बंदूक घरात आली आणि भांडणं बाहेर गेली बघ."

लेले जाऊन बरीच वर्षे झाली होती. काकू ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर एकट्या राहत. मुलगा चिन्मय नागोयात मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होता. सून जपानी, आणि हाना नावाची एक चिमुरडी नात. भूकंपानंतर चिन्मयने एकच धोशा लावला होता: आई, घर बंद कर आणि इकडे ये. तो फोनवर जपानीत बोले, काकू मराठीत उत्तर देत, आणि भांडण मात्र दोघांना नीट समजत असे. काकूंचे उत्तर ठरलेले होते. "ज्या सरकारनं माझ्या हातात पिस्तूल ठेवलंय, त्याला मी एकटी राहायला नालायक वाटत नाही. तू कोण लागून गेलास?" दर वसंतात पोलिस ठाण्यात पिस्तुलाची तपासणी होई, आणि काही वर्षांनी परवाना नवा करताना डॉक्टरांचा दाखलाही द्यावा लागे. त्यात पास होणे म्हणजे ओजिमाच्या घरात राहायचा हक्क राखणे, असा काकूंचा सरळ हिशेब होता. पिस्तूल गेले की नागोया.

माझे पिस्तूल निवडायला त्यांनी पुरता हिवाळा घेतला. प्रकाशाचे का होईना, स्वतःचे घ्यायचे यावर मी अडून बसले होते. मला एक काळेभोर, जड पिस्तूल फार आवडले होते. सिनेमात शोभेल असे. काकू म्हणाल्या, "घरी जाऊन पोळ्या लाट, भांडी घास, मग येऊन हे धर." मी खरेच तसे केले. आदल्या रविवारी दगडासारखे स्थिर वाटलेले ते धूड अर्ध्या तासात माझ्या खांद्यातून कळा काढू लागले. "पहिल्या दिवशी जड पिस्तूल चांगलं वाटतं. हात आपला आहे, तो रोजचं सगळं करून इथं येतो. त्याला पेलेल ते घ्यावं."

मग त्यांनी मला खरी परीक्षा शिकवली. "डोळे मीट. हात उचल. आता उघड. नळीच्या टोकावरची पट्टी मागच्या खाचेत आपणहून बसलीये का? बसली असेल तर ते तुझं. मनगट वाकवून बसवावी लागत असेल तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे, कितीही देखणं असलं तरी ठेवून दे." असे डोळे मिटून मी त्या खोलीतले प्रत्येक पिस्तूल उचलून पाहिले. निरंजन म्हणाला, लग्नाच्या वेळी तू मला इतकं निरखलं नव्हतंस. शेवटी पसंत पडले ते एक जुने, करड्या रंगाचे, खेळ सोडलेल्या कोणाचे तरी. त्याची लाकडी मूठ मला मोठी होत होती. काकूंनी पोकळ राहणाऱ्या जागी लाकडात भरायची लांबी थापली, माझा हात तिच्यावर दाबून धरला, सुकल्यावर कानस दिली आणि म्हणाल्या, "आता घासत बस. जिथं टोचेल तिथं घास. घाई केलीस तर लाकूड परत येत नाही." घासता घासता मूठ माझी झाली. इतकी माझी वस्तू त्या परक्या देशात माझ्याकडे दुसरी नव्हती.

स्वतःच्या खऱ्या पिस्तुलाच्या बाबतीत मात्र काकू फार कडक. एकदा त्यांच्याबरोबर शेजारच्या प्रांतातल्या रेंजवर निघाले होते. स्टेशनवर त्यांच्या बुटाची नाडी सुटली. त्यांनी पिस्तुलाची पेटी खाली ठेवली आणि वाकल्या. म्हाताऱ्या माणसाच्या हातातले ओझे आपण घ्यायचे, हे आपल्याकडे कोणी शिकवावे लागत नाही. मी पटकन वाकले आणि म्हटले, "द्या काकू, मी घेते." पेटी जेमतेम उचलली असेल नसेल.

"ठेव! आधी ठेव खाली!"

जपानी स्टेशनवर एवढ्या मोठ्याने कोणी ओरडत नाही. सगळा फलाट आमच्याकडे बघू लागला. मी पेटी ठेवली आणि रडकुंडीला आले. काकूंनी पेटी उचलली, आणि गाडीत बसल्यावर माझ्या गुडघ्यावर थोपटले. "संस्कार चांगले आहेत गं तुझे. पण परवाना माझ्या नावाचा आहे. ही पेटी दुसऱ्याच्या हातात दिसली तर गुन्हा तुझाही आणि माझाही. मी चक्कर येऊन पडले तरी आधी हिच्यावर पडेन, तू मला उचल, हिला नको." मग पिशवीतून संत्री काढून म्हणाल्या, "ही घे. ही बिनपरवान्याची आहेत."

त्या काळात टोकियोत सगळ्यांनाच जमीन हलल्याचा भास व्हायचा. लहान धक्के तर खरेच येत. बोलता बोलता लोक थांबायचे आणि दिव्याच्या लोंबत्या दोरीकडे बघायचे. काकूही मध्येच म्हणत, "हललं का गं?" आणि आम्ही म्हणायचो, हो, हललं असेल. एका दुपारी त्यांच्या घरी चहा पीत होते. काकूंच्या हातातला कप बशीवर किणकिणला. "हललं ना?" त्या म्हणाल्या. मी सवयीने वर पाहिले. दिव्याची दोरी सरळ होती, अगदी ओळंब्यासारखी. खाली पाहिले. काकूंचा उजवा हात थरथरत होता, आणि त्यांचे डोळे माझ्याकडे होते.

"कधीपासून?" मी विचारले.

"तो मोठा धक्का बसला तेव्हापासूनच असेल. सगळं गावच हलत होतं, त्यात माझा हात कोण मोजतो?" त्यांनी कप ठेवला. "डॉक्टरांना दाखवलंय. नाव आहे त्याला. अजून उजव्याच हातात आहे. गोळी घेतली की दोन-तीन तास शहाण्यासारखा वागतो."

परवाना नवा करायची वेळ त्याच वर्षी येणार होती, हे दोघींनाही ठाऊक होते. वेळ साधून गोळी घ्यायची आणि दाखल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे, एवढीच युक्ती होती. मी ती सुचवलीही नाही आणि नको असेही म्हटले नाही. काकू म्हणाल्या, "नेम धरताना हात तसाही कुणाचा स्थिर असतो? तुला काय सांगते मी?"

त्या मला नेहमी तेच सांगत. पिस्तूल डुलणारच. नवशिका माणूस ते थांबायची वाट बघतो, आणि क्षणभर थांबल्यासारखे वाटले की घाईने चाप ओढून घोटाळा करतो. "डुलणं थांबत नाही, बाई. डुलू दे. डुलता डुलता बोट हळूहळू दाबत राहायचं." हे ऐकून माझे गुण सुधारले होते. काकूंनी आता तेच वाक्य स्वतःच्या आजारासाठी कामाला लावले होते, आणि मलाही ते पटवून घ्यायचे होते, कारण त्या नागोयाला गेल्या तर माझा रविवार ओसाड होणार होता. माझ्या प्रेमात स्वार्थ बराच होता.

परवान्याची मुदत जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही रेंजवर होतो. मी मागे खुर्चीत बसले होते. काकूंनी छर्रा भरला, हात उचलला, आणि हात अर्ध्यावर असतानाच पिस्तूल सुटले. छर्रा निशाणाच्या खूप खाली, समोरच्या बांधावर जाऊन आदळला. कोणाला काही झाले नाही. आजूबाजूचे आपापल्या नेमात होते, कोणाच्या लक्षातही आले नाही. काकूंनी पिस्तूल खाली ठेवले, रिकामे असल्याची दोनदा खात्री केली, पुसले, पेटीत घातले आणि कुलूप लावले. परतीच्या गाडीत अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाल्या, "डुलणं वेगळं. आज चाप मी ओढला नाही, हातानं ओढला. हे माझ्याकडे आता ठेवता येत नाही."

"काकू, कोणी पाहिलं नाही," मी म्हटले.

"तू पाहिलंस. मी पाहिलं. अजून किती लोक हवेत?"

पुढच्या आठवड्यात त्या पोलिस ठाण्यात निघाल्या. सोबतीला मी होते. सकाळची गोळी त्यांनी मुद्दाम घेतली नव्हती. "त्यांना दिसू दे. नाहीतर म्हणतील, म्हातारी उगाच देतेय." त्यांचा हात हलत होता आणि पेटी सारखी गुडघ्यावर आपटत होती. त्या डाव्या हाताने घेत, दमल्या की उजव्या, परत डाव्या. ओजिमाच्या त्या सरळ रस्त्यावर, कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानाच्या, पुढून, शाळेच्या कुंपणाजवळून मी त्यांच्या बरोबरीने रिकाम्या हातांनी चालत होते. लोकांना वाटले असेल, काय निर्लज्ज पोरगी आहे. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घट्ट धरून ठेवले होते. आयुष्यात मला कुठलेही ओझे न उचलणे इतके जड गेलेले नाही.

ठाण्यातला अधिकारी दरवर्षी त्यांचे पिस्तूल तपासणारा होता. त्याने कागद केले, पिस्तूल दोन्ही हातांनी घेतले आणि लवून नमस्कार केला. "दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही का, रेरे-सान?" त्याने विचारले. काकू म्हणाल्या, मूठ माझ्या हाताची घासलेली आहे, दुसऱ्याला ती टोचेल. बाहेर आल्यावर त्या पायरीवर जरा थांबल्या. मग खांद्यावरची शबनम काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. "घे आता. तुझे हात केव्हाचे शिवशिवतायत." मी पिशवी घेतली आणि भर रस्त्यात रडले. काकू रडल्या नाहीत. "भूक लागली," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच चिन्मयला फोन करून सगळे सांगितले. तो पुढच्याच शनिवारी आला, खोकी बांधायच्या टेपसकट. भला मुलगा, आईवर जीव असलेला. आईचे घर आवरायचे या तयारीने तो रविवारी क्रीडा केंद्रात आम्हाला निरोप द्यायलाही आला. तिथे काकू शाळकरी पोरांच्या रांगेत उभ्या होत्या. डाव्या हातात प्रकाशाचे पिस्तूल होते, क्लबच्या अडगळीतले, डावखुऱ्यांसाठीचे. मूठ मी आठवडाभर घासून दिली होती. त्यांनी मला सतरा वेळा परत पाठवले होते, "इथं टोचतंय," म्हणून. पहिला नेम चौकोनाच्या बाहेर गेला. दुसराही. पडद्यावर भोपळा पाहून काकू इतक्या हसल्या की शेजारच्या आजोबांनी लिमलेटची गोळी पुढे केली.

चिन्मय जपानीत म्हणाला, "आई, आता कशासाठी?"

"अरे, मी आत्ता कुठे शिकायला लागलेय," काकू म्हणाल्या. "शिकणारा माणूस अर्ध्यात गाव सोडत नाही. वर्षभरानं विचार."

तो टेप तसाच घेऊन परत गेला. वर्षाची दोन झाली. आठवड्यातून दोनदा मदतनीस बाई येऊ लागली आणि रोज सकाळी चिन्मयला फोन करायचे काकूंनी कबूल केले. सुट्टीत हाना आजीकडे राहायला येई आणि रांगेत आजीच्या शेजारी उभी राही. दोघी नवशिक्या, दोघींची गुणांवरून भांडणे. एकदा नवशिक्यांच्या स्पर्धेत काकू तिसऱ्या आल्या. पहिले दोघे प्राथमिक शाळेतले होते. प्रांताच्या संघातून खेळलेल्या बाईने ते कागदी प्रमाणपत्र शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांना नेऊन दाखवले.

मग डाव्या हातालाही ते दुखणे पोहोचले. त्या दिवशी काकूंनी कोणाला विचारले नाही. खोकी स्वतः मागवली, गुळाचा डबा आणि खलबत्ता मला दिला, आणि हानाच्या खोलीशेजारच्या खोलीत राहायला नागोयाला गेल्या. कोणी नेले नाही, त्या गेल्या. तिथे वर्षभर होत्या. शेवटचे काही महिने अंथरुणातच.

गेल्याचे कळले तेव्हा निरंजन आणि मी नागोयाला गेलो. घरात फोटो लावला होता, पुढे उदबत्ती आणि त्यांच्या आवडीची संत्री. चिन्मय माझ्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता. आईचे किती कौतुक होते, ती प्रांताकडून कशी खेळायची, तिचा उजवा हात कसा दगडासारखा असायचा, असे तो शब्द शोधत सांगत होता. हाना शेजारी मांडी घालून बसली होती. बापाचा हात तिने मध्येच ओढला आणि जपानीत ठासून म्हणाली, "बाबा, चुकतोयस तू. आजी डावरी होती."

चिन्मयने माझ्याकडे पाहिले.

"हो," मी म्हटले. "डावरीच होती."